नवा स्पार्क प्लग बारा फेऱ्यांनंतर अडतो. पान्याने जोर द्यावा का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी चार-स्ट्रोक मोटारसायकल आहे. ती मी वापरलेली घेतली, त्यामुळे आधी तिच्यावर कोणी काय काम केले होते, याची मला कल्पना नाही. सकाळी ती सुरू व्हायला सात-आठ किका माराव्या लागतात आणि काही वेळा पेट्रोलचा वासही येतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचा नवा स्पार्क प्लग आणला आणि इंजिन पूर्ण थंड असताना जुना काढला. तो फारसा त्रास न देता निघाला, मात्र त्याचे टोक काजळीने काळे झाले होते.

खरी अडचण नवा प्लग बसवताना आली. बोटांनी तो बारा-तेरा फेरे अगदी सहज फिरला आणि त्यानंतर एकदम अडला. प्लगचे बूड आणि त्याची बैठक यांच्यामध्ये अजून सहा-सात मिलिमीटरची फट दिसते. पान्याने थोडा जोर दिला तेव्हा तो किंचित सरकला, पण आतून करकर जाणवल्यामुळे मी तिथेच थांबलो आणि जुना प्लग परत बसवला. त्यावर गाडी पूर्वीसारखी चालते. आटे खराब झाले असतील का, की नवा प्लग पान्याने जोर लावून शेवटपर्यंत घट्ट करावा?

पहिला प्रतिसाद

हेड (सिलिंडरचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) अॅल्युमिनियमचे असते आणि प्लगचे कवच पोलादी, त्यामुळे दोघांच्या झटापटीत मऊ असलेल्या हेडचेच आटे आधी जातात. आपण थांबलात हे योग्यच झाले. माझ्या मते प्लग तिरका लागून आटे एकमेकांवर चढले असावेत. हेड उतरवून भोक मोठे करून घ्यावे, नवे आटे पाडावेत आणि त्यात पोलादी इन्सर्ट (आतून-बाहेरून आटे असलेली बाही) बसवून घ्यावा. एकदा नीट बसवलेला इन्सर्ट मूळ आट्यांपेक्षाही जास्त टिकतो.

दुसरा प्रतिसाद

इन्सर्ट हा शेवटचा उपाय आहे आणि इथे त्याची गरज पडेल, असे मला वाटत नाही. आटे एकमेकांवर चढले असते, तर प्लग पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यालाच जड झाला असता आणि वरून पाहताना तिरकाही दिसला असता. आपला प्लग बारा फेरे बोटांनी गेला, म्हणजे वरचे आटे शाबूत आहेत. जे काही अडते आहे, ते खाली आहे.

हे फेरेच आपल्याला कारण सांगत आहेत. १० मिलिमीटर व्यासाच्या प्लगला दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते, म्हणून एका फेऱ्याला प्लग १ मिलिमीटर आत जातो. बारा-तेरा फेरे झाले म्हणजे तो १२ ते १३ मिलिमीटर खाली उतरला. प्लगच्या आट्यांच्या भागाची लांबी मोटारसायकलींमध्ये बहुधा १२.७ किंवा १९ मिलिमीटर असते, आणि या दोहोंतला फरक सहा मिलिमीटरांहून थोडा जास्त भरतो. आपण सांगितलेली फटही तेवढीच आहे. आधी कोणीतरी १९ मिलिमीटरच्या भोकात १२.७ मिलिमीटरचा आखूड प्लग बसवला असावा, असा माझा दाट संशय आहे. तसे असेल तर खालचे सहा मिलिमीटर आटे इतके दिवस ज्वलनकक्षात उघडे राहिले आणि त्यांच्यात काजळी भरून कडक झाली. सकाळी गाडी सुरू न होण्यामागेही हेच असू शकते, कारण आखूड प्लगची ठिणगी कक्षात न पडता वरच्या कोनाड्यात पडते.

मात्र हा निव्वळ तर्क आहे, आणि उलटी शक्यताही तपासायला हवी. हेड मुळातच आखूड प्लगचे असेल आणि त्यात लांब प्लग गेला, तर त्याचे टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागून मोठे नुकसान होते. म्हणून पुढे काही करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. दोन्ही प्लग शेजारी ठेवून आट्यांची लांबी मोजावी. पुस्तिकेतला क्रमांक याच मॉडेलचा आहे ना, हे पुन्हा पाहावे. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात, प्लगचा उष्णतेचा दर्जा सांगणाऱ्या आकड्यानंतर येणारे ‘ई’ हे अक्षर १९ मिलिमीटर आणि ‘एच’ हे अक्षर १२.७ मिलिमीटर लांबी दाखवते. शेवटी पातळ तारेचे टोक काटकोनात वळवून ती भोकात सोडावी, आट्यांच्या खालच्या कडेला ते टोक अडकवावे आणि प्लग जिथे टेकतो तिथे तारेवर खूण करावी. भोकाची खरी खोली त्यावरून कळेल.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. जुन्या प्लगचे आटे १२.७ मिलिमीटर आणि नव्याचे १९ मिलिमीटर भरले. तारेवरची खूण जवळपास १९ मिलिमीटरवर आली. पुस्तिकेतला क्रमांकही बरोबर आहे आणि त्यात ‘ई’ आहे. विजेरी धरून पाहिले तेव्हा खालच्या बाजूला आटे दिसतच नव्हते; तिथे काळा, गुळगुळीत थर होता. आता तो कसा काढावा?

दुसरा प्रतिसाद

म्हणजे हेडला काही झालेले नाही. हे काम घाई न करता केले तर घरीही होते.

आधी पिस्टन खाली आणावा, म्हणजे अवजार त्याला टेकणार नाही. कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवात भिजवलेला कापसाचा बोळा, त्याला दोरा बांधून, आट्यांशी तासभर धरून ठेवावा. त्याने काजळी मऊ पडते. त्यानंतर आटे साफ करायचा चेझर वापरावा. इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. कारखान्यात १० मिलिमीटरचा जो टॅप (आटे कापायचे अवजार) सहज हाताशी असतो, तो बहुधा १.५ किंवा १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो. तो या भोकात घातला तर चांगले आटे कापले जातील. चेझर १० × १.० याच मापाचा हवा.

तो मिळाला नाही तर निकामी झालेला १९ मिलिमीटरचा प्लग घ्यावा, त्याचा बाहेरचा इलेक्ट्रोड (टोकावरची वाकलेली पट्टी) मोडून काढावा आणि आट्यांवर कानशीने वरपासून खालपर्यंत तीन खाचा पाडाव्यात. खाचांच्या कडांवरची कुस नीट घासून काढावी. मी स्वतः असाच बनवलेला प्लग बरीच वर्षे वापरत आहे. खाचांमध्ये जाड ग्रीस भरावे, म्हणजे सुटलेली काजळी त्यातच चिकटून बाहेर येते. बोटांनी फिरवत न्यावे, अडला की पाव फेरा मागे घ्यावा, पुन्हा अर्धा फेरा पुढे जावे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पूर्ण बाहेर काढून पुसून नवे ग्रीस भरावे. यात कंटाळा केला तर कडक कण सिलिंडरमध्ये पडतात. शेवटी बारीक नळीने आतले उरलेसुरले ओढून घ्यावे, आणि प्लग न लावता, चावी बंद ठेवून, दहा-बारा किका माराव्यात. चावी सुरू ठेवून प्लग कॅप (वायरच्या टोकाचे, प्लगवर बसणारे टोपण) मोकळी सोडू नये; त्याने इग्निशनचे युनिट जळू शकते.

तिसरा प्रतिसाद

पुढे तोच प्लग पुन्हा अडकू नये म्हणून मी आट्यांना नेहमी कॉपर ग्रीस लावतो. प्रश्नकर्त्यानेही ते लावावे.

दुसरा प्रतिसाद

याबाबत मी सहमत नाही. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो आणि एनजीकेसारखे उत्पादकच असे वंगण लावू नये असे सांगतात. आटे ओलसर असले की त्याच ताकदीत प्लग जास्त पिळला जातो आणि हाताला ते कळतही नाही. आटे कोरडे आणि स्वच्छ असावेत.

घट्ट करण्याबद्दलही इथेच लिहितो. नवा प्लग वॉशर टेकेपर्यंत बोटांनीच न्यावा. हात पोहोचत नसेल तर प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवावा. आटे चुकले तर नळी घसरते, हेडला इजा होत नाही. वॉशर टेकल्यानंतर पान्याने अर्धा फेरा द्यावा, एवढ्यात वॉशर दबतो. टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा) असेल तर १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरे. तोच प्लग काढून परत बसवताना मात्र वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग एवढेच पिळावे. शिवाय प्लगच्या डोक्यावरची छोटी गोल टोपी फिरवून काढता येते. आपली कॅप टोपीवर बसणारी आहे की उघड्या आट्यांवर, ते पाहूनच ती ठेवावी किंवा काढावी. टोपी ठेवायची असेल तर ती पक्की आवळलेली असावी. सैल राहिली तर गाडी मधेच झटके देते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

प्रश्नकर्ता

काम झाले. चेझर मिळाला नाही, म्हणून जुन्या लांब प्लगला खाचा पाडून घेतल्या. पाच वेळा आत-बाहेर करावे लागले. पहिल्या तीन वेळा ग्रीसमध्ये कोळशाच्या भुकटीसारखे कण आले, चौथ्या वेळी थोडेसेच आले आणि पाचव्या वेळी ग्रीस जवळपास स्वच्छ निघाले. अॅल्युमिनियमची चमक कुठेही दिसली नाही. नवा प्लग अठरा फेरे बोटांनी गेला आणि वॉशर टेकल्याचे हाताला स्पष्ट जाणवले. त्यानंतर अर्धा फेरा दिला. माझी कॅप उघड्या आट्यांवर बसणारी निघाली, म्हणून टोपी काढून टाकली.

आज सकाळी इंजिन थंड असताना गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. शंभरएक किलोमीटर चालवून प्लग एकदा काढून पाहणार आहे. टोक फिकट तपकिरी दिसले तर कार्ब्युरेटरला हात लावणार नाही; पुन्हा काळे दिसले तर त्या फोटोसह इथेच विचारेन.