अनुभव धागा : सर्वांनी मिळून काढलेले चित्र

२०२० सालच्या टाळेबंदीत अनेकांनी चित्रकलेच्या ऑनलाइन कार्यशाळा केल्या. स्वतः काढलेल्या चित्रांविषयी आपण एरवी बोलतोच. ज्या चित्रात आपला वाटा थोडा होता, पण आनंद मात्र अख्ख्या चित्राचा मिळाला, अशा चित्रांविषयी येथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

आमची कार्यशाळा वारली चित्रांची होती. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात (काढण्याला तिथे लिहिणेच म्हणतात), तो सुवासिनी मिळून लिहितात. त्याच भावनेने शिक्षकांनी आम्हा चौदा जणांकडून तारपा नाचाची, म्हणजे तारपा या फुंकवाद्याच्या तालावरच्या नाचाची, एक लांब साखळी काढून घ्यायचे ठरवले. गेरू लावलेल्या कागदावर प्रत्येकाने दोन नाचणारे काढायचे आणि त्यांचे हात तळापासून बरोबर १० सेंटिमीटरवर कागदाच्या दोन्ही कडांना भिडवायचे, म्हणजे छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली की साखळी जुळेल, अशी योजना होती. बांबूची काडी टोकाशी ठेचून कुंचला केला आणि तांदळाच्या पिठात डिंकाचे पाणी घालून रंग. डब्यांच्या उतरंडीला टेकवलेल्या मोबाइलवर स्वतःचा कागद आरशातल्यासारखा उलटा दिसत असल्यामुळे काहींची पावले एकीकडे वळली आणि काहींची दुसरीकडे. छायाचित्रे जोडली, तेव्हा सहाव्या आणि सातव्या कागदावरचे नाचणारे समोरासमोर उभे ठाकले होते. शिक्षकांनी काहीही पुसू दिले नाही. त्या दोघांमध्ये काय घडले असेल, एवढेच विचारले. सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “मध्ये करडू आलं!” तिने दोन त्रिकोण आणि चार रेघांचे करडू काढले, त्यामागे कुणी कुत्रा धाडला, कुणी डोक्यावर हंडा घेतलेली बाई थबकवली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्या करडाचीच गोष्ट रंगवत बसलो. ती चूक झाली नसती, तर नुसती नेटकी साखळी तयार झाली असती, असे मला मनापासून वाटते.

• माझे आईवडील साताऱ्यात, भाऊ न्यू जर्सीत आणि मी पुण्यात. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले की उन्हाळ्यात त्याच्याकडे सकाळचे साडेदहा होतात, तीच वेळ सर्वांना जमत असे. खेळ घडीच्या चित्राचा होता, जो पॅरिसमधले अतिवास्तववादी कलावंत १९२५च्या सुमारास खेळू लागले : घडी घातलेल्या कागदावर डोके एकाने काढायचे, धड दुसऱ्याने, पाय तिसऱ्याने, आणि आधीचे कुणी पाहायचे नाही. घडीपलीकडे आलेल्या रेघांमधले अंतर आम्ही एकमेकांना तोंडी सांगत असू. भावाने कोंबड्याचे डोके काढले, बाबांनी पितळी बटणांचा कोट. “मला कुठे चित्र येतं” म्हणणाऱ्या आईने नऊवारीचा काष्टा निरीनिरीसकट काढला, पायात जोडवीही घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, “अगं, कोंबड्याला पैंजण राहिले.”

• मी निवृत्त लेखापाल. शाळेनंतर पेन्सिल धरली ती थेट त्या वर्गात. पडद्यावरच्या सामाईक फळ्यावर मी एक पिंपळ काढला आणि माझे झाड फार उघडे दिसते, असे सहज म्हणालो. आवाज सगळ्यांचे चालू होते. कुठे कुकरची शिट्टी होत होती, कुठे पत्र्यावर पाऊस पडत होता, आणि त्यातूनच चार गावांहून “थांबा काका, पक्षी पाठवते” असे ऐकू आले. माझ्या पिंपळावर अकरा पक्षी बसले. त्यांतला एकही मी काढलेला नाही.