बाहेरचा उमेदवार एकदा पडल्यावर त्याने पुन्हा उभे राहावे का?

दीर्घसूत्री (धागाकर्ता)

प्रस्थापित पक्षांच्या चौकटीबाहेरून येऊन सर्वोच्च पदासाठी लढलेल्या, डोळ्यांत भरण्याइतकी मते मिळवूनही पडलेल्या उमेदवाराने पुढच्या निवडणुकीत पुन्हा नशीब अजमावावे की नाही, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. 'बाहेरचा' हा शब्द मी परगावचा या अर्थाने वापरलेला नाही. ज्याच्यामागे जुन्या पक्षांची यंत्रणा नाही, असा उमेदवार मला अभिप्रेत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा उमेदवाराला पहिल्या खेपेस मिळालेली मते बहुतांशी त्याची नसतात. ती त्या वर्षीच्या रागाची असतात, आणि त्या दिवशी मतपत्रिकेवर जे नवे नाव असते त्याच्या पारड्यात पडतात. पुढच्या वेळेपर्यंत राग ओसरलेला असतो किंवा दुसरीकडे वळलेला असतो. मधल्या काळात उमेदवाराने काही उभे केले नसेल, तर त्याने पुन्हा उभे राहू नये.

रॉस पेरो यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील या उद्योगपतीने फेब्रुवारी 1992 मध्ये दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत सांगितले की, स्वयंसेवकांनी पन्नासही राज्यांत माझे नाव मतपत्रिकेवर आणले तर मी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहीन. स्वयंसेवकांनी सह्यांची मोहीम हाती घेतली, आणि जूनमध्ये काही जनमत चाचण्यांत ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश व डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैमध्ये त्यांनी माघार घेतली, 1 ऑक्टोबरला ते परत आले, आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिराती विकत घेऊन, हातात आलेख धरून राष्ट्रीय कर्जाचा हिशेब मांडू लागले. एवढ्या धरसोडीनंतरही त्यांना 18.9 टक्के, म्हणजे जवळजवळ दोन कोटी मते मिळाली. निर्वाचक मंडळातील (राज्यवार निवडल्या जाणाऱ्या आणि प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या मंडळातील) मत मात्र एकही मिळाले नाही.

चार वर्षांनी, स्वतः स्थापन केलेल्या रिफॉर्म पक्षातर्फे ते पुन्हा उतरले. या वेळी त्यांना वादचर्चेच्या मंचावर घेतले गेले नाही, आणि मते 8.4 टक्क्यांवर आली. माणूस तोच होता, विषयही बव्हंशी तेच होते, तरी अर्ध्याहून अधिक मतदार चार वर्षांत निघून गेले. ते मुळात त्यांचे होते, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

अर्धविराम

धागाकर्त्यांनी उदाहरण निवडतानाच निकाल लावून टाकला आहे. पेरो यांना राजकारणात सातत्य नव्हते हे मान्य, पण सातत्य असलेल्या माणसाकडे पाहिले तर नेमके उलटे दिसते.

समाजवादी पक्षाचे युजीन डेब्स हे 1900, 1904, 1908, 1912 आणि 1920 असे पाच वेळा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. पहिल्या वेळी त्यांना सुमारे 88 हजार मते पडली, दुसऱ्या वेळी चार लाख, तिसऱ्या वेळी त्याहून किंचित अधिक, आणि 1912 मध्ये नऊ लाख, म्हणजे सहा टक्के. आपला निकष लावला असता तर 1900 नंतर त्यांनी घरी बसायला हवे होते. शेवटच्या खेपेस ते अटलांटाच्या तुरुंगात होते. युद्धविरोधी भाषणाबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. कार्यकर्त्यांच्या छातीवरील बिल्ल्यांवर कैद्याच्या पोशाखातले डेब्स आणि त्यांचा कैदी क्रमांक 9653 असे. भाषण नाही, दौरा नाही, तरीही नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले.

आणखी एक बारकावा पाहा. 1916 मध्ये डेब्स राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले नाहीत आणि पक्षाने दुसरा उमेदवार दिला. मते सहा लाखांच्याही आत आली. म्हणजे ती मते केवळ रागाचीही नव्हती आणि केवळ पक्षाचीही नव्हती. बराचसा वाटा एका माणसाने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा समोर येण्याचा होता.

दीर्घसूत्री

डेब्स यांच्याबद्दल आदर आहेच, पण आपण दिलेले आकडे माझ्या बाजूनेही बोलतात. 1904 आणि 1908 या निकालांमध्ये जवळपास काहीच वाढ नाही, आणि 1908 मध्ये तर पक्षाने 'रेड स्पेशल' नावाची खास आगगाडी घेऊन त्यांना देशभर फिरवले होते. 1920 मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाल्यामुळे एकूण मतदार खूप वाढले; त्यामुळे नऊ लाख मतांचा वाटा 3.4 टक्क्यांवर आला. संख्या तीच, वजन जवळजवळ निम्मे.

पाटीपेन्सिल

आपण दोघेही मते मोजत आहात. मला नुकसान मोजायचे आहे.

ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर 2000 मध्ये ग्रीन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. ज्या राज्यावर सगळा निकाल अडला त्या फ्लोरिडात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश (आधीच्या बुश यांचे पुत्र) यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार गोर यांच्यावर 537 मतांनी मात केली, आणि त्याच राज्यात नेडर यांना 97,488 मते पडली होती. पहिल्या खेपेस हे होईल असे कोणाला वाटले नव्हते, असे फार तर म्हणता येईल (तसे पाहिले तर 1996 मध्येही त्यांचे नाव मतपत्रिकेवर होते, पण तेव्हा त्यांनी प्रचार जवळजवळ केलाच नव्हता). पण 2004 मध्ये परिणाम ठाऊक असूनही ते पुन्हा उभे राहिले. चार वर्षांपूर्वी त्यांचा प्रचार करणारे चित्रपटकार मायकेल मूर आणि त्यांना पाठिंबा देणारे विनोदकार बिल मार या दोघांनी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात, नेडर समोर बसलेले असताना, गुडघे टेकून 'उभे राहू नका' अशी विनवणी केली. त्यात विनोदाचा भाग होता, पण आपल्याच माणसांनी गुडघे टेकावेत आणि उमेदवाराने जागचे हलू नये, हे दृश्य मला तरी हसण्यासारखे वाटले नाही. अखेरीस त्यांना सुमारे 0.4 टक्के मते मिळाली. इतक्या मतांसाठी जुने सहकारी, पक्ष आणि आयुष्यभर ग्राहकांसाठी लढून कमावलेले नाव पणाला लावणे, याला तत्त्वनिष्ठा म्हणावे की हट्ट?

अर्धविराम

फ्लोरिडाचा हिशेब इतका सरळ नाही. त्या राज्यात मतपत्रिकेवर असलेल्या प्रत्येक लहान पक्षाच्या उमेदवाराला 537 हून अधिक मते होती. सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवाराला 562 मते पडली होती. मग गोर यांना कोणी पाडले? त्या 562 जणांनी? फरक इतका सूक्ष्म असला की प्रत्येकच गोष्ट निर्णायक ठरते, आणि दोष द्यायला सर्वांत दुबळा सापडतो. 'मते खाल्ली' हा शब्दप्रयोगच मला खटकतो, कारण त्यात ती मते आधीपासून कोणाच्या तरी ताटात वाढलेली होती, असे गृहीत धरलेले असते.

2004 बद्दल मात्र आपले म्हणणे मी खोडून काढू शकत नाही.

उंबरठा

अमेरिकेबाहेर डोकावल्यास चित्र बदलते. ब्राझीलचे लुला द सिल्वा हे धातुकामगार, यंत्रात करंगळी गमावलेले, कामगार संघटनेतून वर आलेले. 1989 मध्ये ते दुसऱ्या फेरीत पडले, 1994 आणि 1998 मध्ये पहिल्याच फेरीत पडले, आणि 2002 मध्ये दुसऱ्या फेरीत 61 टक्के मते मिळवून निवडून आले. तिसऱ्या पराभवानंतर 'आता पुरे' म्हणणारे तेथेही असणारच. चिलीचे साल्वादोर आयेंदे 1952, 1958 आणि 1964 मध्ये पडून 1970 मध्ये जिंकले. सेनेगलचे अब्दुलाय वाद पाचव्या प्रयत्नात, 2000 मध्ये, राष्ट्राध्यक्ष झाले. धागाकर्त्यांचा नियम या तिघांनाही लागू केला असता, तर त्या त्या देशाचा इतिहास वेगळा झाला असता.

दीर्घसूत्री

लुला यांचे उदाहरण निघाले हे बरे झाले, कारण माझे म्हणणे त्यानेच नीट स्पष्ट होते.

1989 च्या त्याच निवडणुकीत फर्नांदो कोलोर हेही नवख्या, छोट्या पक्षाचे उमेदवार होते. ते जिंकले, आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोगाला तोंड देत डिसेंबर 1992 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लुला हरले, पण त्यांच्या पक्षाकडे पोर्तो अलेग्रेसारख्या शहरांचा कारभार आला, आणि तेथे महापालिकेच्या अंदाजपत्रकातील कामे नागरिकांनी सभांमध्ये बसून ठरवण्याची पद्धत सुरू झाली. हा पक्ष कारभार करू शकतो की नाही, हे लोकांना भाषणांऐवजी रस्त्यांवर आणि गटारांवर पाहता आले. 2002 मध्ये लुला यांनी एका वस्त्रोद्योगपतीला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून सोबत घेतले, आणि देशाने केलेले करार पाळले जातील, असे जाहीर पत्र निवडणुकीआधीच लिहून दिले. चौथ्या वेळी उभा राहिलेला माणूस पहिल्या वेळचा राहिलेला नव्हता. पेरो यांच्याकडे पक्ष होता, पण तो मुख्यतः त्यांच्या उमेदवारीसाठी होता. 1996 च्या प्रचाराला 1992 च्या मतांच्या आधारावर सुमारे 2.9 कोटी डॉलरचा सरकारी निधीही मिळाला होता; कमतरता पैशाची नव्हती.

अर्धविराम

येथे आपण कार्यकारणभाव उलटा धरत आहात. पोर्तो अलेग्रेतील नगरसेवक, महापौर, कार्यकर्ते हे सारे एका राष्ट्रीय नेत्याभोवती टिकून राहिले, ते तो दर निवडणुकीत मैदानात दिसत होता म्हणूनच. 1994 मध्ये लुला घरी बसले असते, तर आपण ज्याला 'मधले काम' म्हणता ते कोणाच्या नावावर उभे राहिले असते? उभे राहणे आणि उभे करणे अशा दोन वेगळ्या पेट्या नसतात.

जेसी जॅक्सन यांचेही असेच आहे. कोणतेही निर्वाचित पद न भूषवलेला हा धर्मोपदेशक 1984 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढला आणि प्राथमिक निवडणुकांत त्याला सुमारे 18 टक्के मते पडली. 1988 मध्ये तो पुन्हा आला, मते सुमारे 29 टक्क्यांवर गेली, आणि त्या बळावर त्याने पक्षाला प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) मतांच्या प्रमाणात वाटण्याचा नियम मान्य करायला लावला. वीस वर्षांनी, 2008 मध्ये, ओबामा यांना हरलेल्या राज्यांतूनही प्रतिनिधी मिळत गेले ते याच नियमामुळे. पहिल्या पराभवानंतर जॅक्सन थांबले असते, तर वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना कोणी खुर्चीही दिली नसती.

दीर्घसूत्री

जॅक्सन यांच्या बाबतीत मी माघार घेतो. मात्र ते पक्षाच्या आतून लढले, तेथे पडलेल्याच्या हातीही प्रतिनिधी राहतात आणि सौदा करता येतो. ज्या निवडणुकीत एक मत जास्त मिळवणारा सगळे नेतो, तेथे दुसऱ्या क्रमांकाच्या हातात काय राहते?

निमित्तमात्र

या शेवटच्या प्रश्नासाठी अमेरिकेतील मेन या लहानशा राज्याकडे पाहावे लागेल, कारण तेथे हा सगळा वाद प्रत्यक्ष घडून गेला आहे, आणि तोही गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखपदासाठी.

2010 मध्ये तेथे एलियट कटलर हे अपक्ष उमेदवार होते. रिपब्लिकन पक्षाचे पॉल लपाज यांना 37.6 टक्के, कटलर यांना 35.9 टक्के आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराला 19 टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. म्हणजे राज्यातील पाचपैकी तीन मतदारांना नको असलेला माणूस गव्हर्नर झाला, आणि अपक्ष उमेदवार दहा हजारांहूनही कमी मतांनी हुकला. पुन्हा उभे राहण्यासाठी याहून सबळ कारण कोणाला मिळणार? कटलर 2014 मध्ये उभे राहिले आणि त्यांना 8.4 टक्के मते मिळाली. मतदार त्यांच्यावर रागावले नव्हते. 2010 मध्ये 'हा जिंकू शकतो' असे वाटले म्हणून जे आले होते, तेच 2014 मध्ये 'हा जिंकू शकत नाही' असे वाटून गेले. मतदानाच्या काही दिवस आधी कटलर यांनी स्वतःच पत्रकारांना बोलावून सांगितले की, आपण जिंकू शकणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल दुसऱ्याला मत द्यावे. त्याच दिवशी सिनेटर अँगस किंग यांनीही त्यांचा पाठिंबा काढून डेमोक्रॅटिक उमेदवाराला दिला, आणि हे किंग स्वतः अपक्ष म्हणून दोनदा गव्हर्नर झालेले. लपाज 48 टक्के मते घेऊन परत आले.

त्यामुळे उमेदवाराने मधल्या काळात काय केले, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मतमोजणीचा नियम तोच राहिला, तर बाहेरच्या उमेदवाराची दुसरी खेप मुख्यतः मतदारांच्या एकमेकांविषयीच्या अंदाजावर ठरते.

मेनच्या मतदारांना हे कळले. 2016 मध्ये त्यांनी सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची, तळाचा बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात, म्हणजे कोणाचे मत वाया जात नाही आणि कोणी ते खात नाही. पण पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की, गव्हर्नरपदाच्या सार्वत्रिक निवडणुकीला हा नियम लावता येणार नाही, कारण राज्यघटनेनुसार तेथे सर्वाधिक मते मिळवणाराच विजयी असतो. तो पक्षांतर्गत आणि केंद्रीय पदांच्या निवडणुकांत लागू झाला. ज्या पदामुळे हा खटाटोप झाला, ते मात्र बाहेरच राहिले.

पाटीपेन्सिल

म्हणजे तेथे आजही बाहेरच्या उमेदवाराने गव्हर्नरपदासाठी उभे राहायचे ते जुन्याच हिशेबाने?

निमित्तमात्र

होय. 2018 मध्ये त्याच पदासाठी ॲलन कॅरन हे अपक्ष उभे होते. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांनी प्रचार थांबवला आणि डेमोक्रॅटिक उमेदवार जेनेट मिल्स यांना पाठिंबा दिला; मतपत्रिकांवर त्यांचे नाव तोवर छापून झालेले होते.