मांजरीची किडनी आणि होमिओपॅथी : सल्ला हवा आहे

आडवाट : आमची मनी बारा वर्षांची. पाणी फार प्यायला लागली, वजन उतरलं म्हणून रक्त तपासलं. क्रॉनिक किडनी डिसीज, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) ३.४, तिसरी स्टेज. व्हेटनी किडनीचं वेगळं खाणं आणि घरी त्वचेखालून सलाईन द्यायला सांगितलंय. सुई दिसली की ती कपाटावर! नातेवाईक म्हणतात, होमिओपॅथीने मुळापासून बरं होतं आणि साइड इफेक्ट नाहीत. मांजरांसाठी चांगला होमिओपॅथ माहीत आहे का कुणाला? टिंगल नको, खरंच टेकीला आलेय.

मिशीवाला : टिंगल कशाला करू? पण ‘मुळापासून’ हे विसरा. मांजराच्या किडनीचा गेलेला भाग कुठल्याच पॅथीने परत येत नाही. उरलेला जपायचा, एवढंच हातात असतं. त्यात सर्वात मोठा वाटा फॉस्फरस कमी असलेल्या खाण्याचा. शिवाय बीपी मोजलंय का? किडनीच्या मांजरांचं बीपी वाढतं आणि त्यात एकाएकी दृष्टीही जाऊ शकते. लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं पोटॅशियमही बघायला सांगा. मळमळीवर आणि भुकेवर औषधं आहेत.

शंखपुष्पी : सरसकट नाकारू नका. आमच्या बोक्याला आर्सेनिक अल्ब ३० हे होमिओपॅथीचं औषध दिलं आणि तो परत खायला लागला. डोळ्यांनी पाहिलंय.

आडवाट : सलाईन बंद केलं होतं का तेव्हा?

शंखपुष्पी : नाही, ते चालूच होतं.

मिशीवाला : मग श्रेय गोळ्यांना का? हा आजार असाही चढ-उतारांचा. नवीन औषध आपण नेमकं सगळ्यात वाईट दिवशी सुरू करतो, त्यानंतर थोडं बरं वाटायचंच.

अर्धवट केमिस्ट : त्या औषधातलं ३० म्हणजे ३० सी, म्हणजे शंभरपट पातळ करणं, तीस वेळा. १ वर ६० शून्यं. साधारण १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरणंही अवघड. ऑस्ट्रेलियाच्या एनएचएमआरसी या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१५ मध्ये माणसांवरचे अभ्यास तपासले, एकाही आजारावर होमिओपॅथी चालते असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. साखरेच्या गोळीने मनीचं काही बिघडणार नाही, पण मदर टिंक्चर (पातळ न केलेलं मूळ द्रव औषध) चुकूनही देऊ नका. त्यात अल्कोहोल असतं, वनस्पतीचा खरा अर्क असतो आणि मांजराचं लिव्हर बऱ्याच गोष्टी पचवू शकत नाही. साधी पॅरासिटामॉल त्यांच्या जिवावर उठते.

निवांत : गोळी निरुपद्रवी, पण वाट बघणं नाही. बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्याला कॅन्थॅरिससारख्या होमिओपॅथीच्या गोळ्या देत बसू नका. तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत जातो, कधी त्याहीआधी. एफआयपीचंही (मांजरांना कोरोनाव्हायरसमुळे होणारा जीवघेणा आजार) तसंच. पूर्वी त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नसे. आता जीएस-४४१५२४ हे व्हायरसवरचं औषध आहे, नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा आणि बहुतेक मांजरं उठून उभी राहतात. गोळ्यांवर आठवडे काढले तर ही संधी जाते.

आडवाट : पटतंय. पण ती खाण्याला तोंड लावत नाही आणि सुई लावू देत नाही, त्याचं काय?

निवांत : खाणं एकदम बदलू नका. जुन्यात चमचाभर नवीन, हळूहळू वाढवत न्या, महिना लागला तरी चालेल. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हरमध्ये चरबी साचते, तो वेगळाच जीवघेणा आजार. नवीन नाहीच खाल्लं तर जुनंच द्या आणि व्हेटला कळवा. पोट रिकामं नको.

सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवून मनगटावर बघा, गार पाणी आत गेलं की त्या जास्त उधळतात. दर वेळी नवी सुई. जरा जाड मागून घ्या, पाणी पटकन जातं आणि धरून ठेवायचा वेळ कमी होतो. मानेमागची कातडी तंबूसारखी उचलायची, सुई त्या पोकळीत. समोर दुसऱ्याने चाटायचं काहीतरी धरायचं. पहिल्यांदा व्हेटसमोर स्वतःच्या हाताने करून बघा. किती एमएल ते त्यांनीच ठरवायचं. हृदयाचा त्रास असेल तर जास्त सलाईन अंगावर येतं.

शंखपुष्पी : आणि होमिओपॅथकडे जायचंच असेल तर?

मिशीवाला : तो रजिस्टर्ड व्हेटही असावा. पहिला प्रश्न, ‘बाकीचे उपचार बंद करू का?’ ‘हो’ म्हणाला तर तिथूनच उठा.

आडवाट : उद्या बीपी मोजायला घेऊन जातेय. कपाटावरून काढायची युक्ती सांगा कुणीतरी.

निवांत : आजच बास्केट उघडी ठेवा, आत तिची चादर. पकडायला गेलात तर उद्याची अपॉइंटमेंट गेली म्हणून समजा.