जहाजावरची कडक बिस्किटं मुलांसोबत कशी करावीत?

प्रश्न
८ ते ११ वर्षांच्या सहा मुलांसोबत अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाचं जेवण करायचं आहे. वेळ दोन तास. बिस्किटं बाहेरून करपतात आणि आत ओली राहतात, हे कसं टाळायचं? ती खायची कशी? दोन मुलं मांस खात नाहीत.

सुकाणू
हे भाजण्यापेक्षा वाळवण्याचं काम आहे. ५०० ग्रॅम कणकेला २२० मिली पाणी, तेही थोडं थोडं घाला. गोळा हाताला चिकटता कामा नये. दहा मिनिटं मळून अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटलेलं पुन्हा आक्रसतं. जाडी सेंटिमीटरच्या आत ठेवा. दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतरानं आरपार भोकं पाडा. वाफेला वाट मिळाली नाही तर बिस्किट फुगतं आणि मधली ओल तशीच राहते. टोचायचं काम मुलांकडेच द्या.

ओव्हन १५० अंशांवर, दोन तास, तासाभरानं उलटा. २०० अंशांवर घाई केली की वरचा थर आधी कडक होतो, ओल आत कोंडते आणि पुढे बुरशी धरते. नंतर रात्रभर जाळीवर ठेवा. म्हणजे त्या दोन तासांत मुलांनी मळायचं, लाटायचं, टोचायचं; खायला आदल्या दिवशी केलेली बिस्किटं घ्या. कच्चं पीठ चाखू देऊ नका.

भटारखाना
दातांनी तोडू देऊ नका, दात दुखावेल. फडक्यात गुंडाळून लाटण्यानं ठेचा आणि गरम रश्श्यात भिजवा. रश्श्यात चुरा शेवटच्या पंधरा मिनिटांतच घाला. आधी घातला तर पाणी शोषून तळाला लागतो.

मांस न खाणाऱ्यांची सोय नौदलाच्या शिध्यातच आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार मांस मिळतच नसे. ३०० ग्रॅम सोललेली वाटाण्याची डाळ चार तास भिजवून फडक्यात सैल बांधा आणि दीड तास उकळा. घट्ट बांधली तर फुगायला जागा उरत नाही, मधली डाळ कच्ची राहते. मग ३० ग्रॅम लोणी, मीठ, मिरी घालून घोटा. हे आधीच शिजवून ठेवा.

प्रत्येक खलाशाचा रोजचा बिस्किटांचा वाटा एक पौंड, सुमारे ४५० ग्रॅम, होता. तेवढी बिस्किटं मुलांकडून तराजूवर तोलून घ्या.

सुकाणू
लिंबूही ठेवा. १७४७ मध्ये नौदलाचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी 'सॉल्सबरी' जहाजावर स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार) बारा रुग्णांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघं सर्वांत लवकर सुधारले. नौदलानं लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ नंतर सुरुवात केली. रस उकळू नका, उष्णतेनं क जीवनसत्त्व घटतं. लिंड यांनीच सुचवलेला आटवलेला रस त्यामुळेच कुचकामी ठरला.