मदत हवी आहे: माळकरी आजोबा, नात आणि सीलला भरवायचा मासा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

आम्ही दोघं सांगलीचे. ऑगस्टमध्ये लेकीकडे पोर्टलंडला (ऑरेगन) जातोय, पहिल्यांदाच. वारी चुकवणार नाही या अटीवर ह्यांनी होकार दिला, म्हणून तिकीट आषाढीनंतरचं. नात सात वर्षांची आहे. तिने आमच्यासाठी एकच बेत आखलाय: 'सीसाइड' नावाच्याच गावातलं, पॅसिफिकच्या अगदी काठावरचं मत्स्यालय. पोर्टलंडहून सव्वाशे-एक किलोमीटर. लेक म्हणाली, "आई, काचेचे बोगदे वगैरे मनात धरू नकोस. 1937 सालचं आहे, लहानसं, जुन्या वळणाचं." मला उलट बरं वाटलं. लग्नानंतर आंबा घाट उतरून रत्नागिरीचं मत्स्यालय बघितलं होतं, तसंच काहीतरी असेल. तिथला देवमाशाचा सांगाडा अजून डोळ्यांपुढे आहे.

तर तिथे सील आहेत आणि त्यांना मासे भरवता येतात. नात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आबा, मासा तुम्हीच द्यायचा हं." ह्यांना नीट ऐकू आलं नाही, "देणार, देणार" म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर मी समजावून सांगितलं, तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. जन्म हळदीच्या अडतीत गेला. हाताला हळदीशिवाय दुसरा वास ठाऊक नाही, आता निवृत्त होऊनही नखांच्या कडा पिवळ्याच. मासळीबाजाराच्या रस्त्याने जायचं नाही म्हणून वळसा घालून मंडईत जाणारा माणूस!

पोरीला 'नाही' म्हणवत नाही, मासा हातात धरवत नाही. कुणी तिथे गेलंय का? मासा धरावाच लागतो का? आत वास फार असतो का? ह्यांचे गुडघे दुखतात, चालणं किती? आणि एवढ्याशासाठी सव्वाशे किलोमीटर जावं का?

मिरजेचा_पाहुणा: काकू, माळ खाण्यापिण्याची आहे. मुक्या जिवाला त्याचं अन्न घातलं तर विठोबा रागावणार नाही. आमचे आजोबा माळकरी होते, पण मांजरीसाठी बोंबील आणायचे. पेपरात गुंडाळून, लांब धरून.

पावसाळी_ऑरेगन: मी पोर्टलंडजवळच राहते, माहेर साताऱ्याचं. दोनदा गेलेय. मासे तिथेच विकत मिळतात आणि कठड्यावरून सीलकडे टाकायचे असतात. तोंडात भरवायचे नाहीत, त्यामुळे काकांची अर्धी काळजी मिटली. ते सील बेरकी आहेत. कोणी पाण्यावर फटके मारतं, कोणी गिरकी घेतं, आणि दुर्लक्ष केलंत तर सरळ पाणी उडवतात. चांगली साडी नेसून कठड्याशी उभ्या राहू नका. वास येतो, पण खाऱ्या पाण्याचा जास्त. पूर्वी तिथे खाऱ्या पाण्याचा तरणतलाव होता.

चालणं फार नाही, तासाभरात होतं. बाहेर समुद्राला लागून लांबलचक फरसबंद रस्ता आहे, काकांनी वाटेल तेवढंच चालावं. स्वेटर मात्र ऑगस्टमध्येही हवा. आपल्या कोकणासारखं पाण्यात उतरायचं मनात आणू नका, पाय बधिर होतात.

कोयनाकाठी: कोंडलेल्या प्राण्यांकडून मासे दाखवून खेळ करून घ्यायचे, हे मला पटत नाही. तिथून तासाभराच्या आत अस्टोरिया आहे. धक्क्यावर मोकळे समुद्रसिंह पडलेले असतात, लांबूनच त्यांचं भुंकणं ऐकू येतं. नातीला ते दाखवा.

पावसाळी_ऑरेगन: दोन्ही दाखवा की! फरक नातीकडूनच ओळखून घ्या. समुद्रसिंहाला बाहेर छोटे कान असतात आणि तो पुढच्या वल्ह्यांवर उठून चालतो. इथल्या सीलला कानांच्या जागी नुसती भोकं, आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो. आणखी एक, वाळूवर सीलचं पिल्लू एकटं दिसलं तर जवळ जाऊ नका. आई मासे धरायला गेलेली असते. इकडे 1972 पासून कायदाच आहे, त्यांना त्रास द्यायचा नाही. अडलेल्या प्राण्यांची खबर मिळाली की धावून जाणाऱ्यांत हे मत्स्यालयही असतं, हे कोयनाकाठींसाठी.

(धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. कोयनाकाठी, तुमचं म्हणणं मलाही टोचलं. अस्टोरिया लेकीला कळवलंय.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. मध्येच जावयाने त्या गावातल्या 'त्सुनामी आली तर इकडे जा' अशा पाटीचा फोटो पाठवला. ह्यांनी 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलेलं पाणी बघितलंय. लगेच विचारलं, "लेक कितव्या मजल्यावर राहते?" ती समुद्रापासून लांब राहते हे तीनदा सांगावं लागलं.

माशाबद्दल काही बोलले नाहीत. आज सकाळी मात्र अंगणात बादली ठेवून गाजराचे तुकडे टाकत होते. पाचातले दोन आत. मला बघून म्हणाले, "हातमोजे असतील तर चालेल."

तर शेवटचा प्रश्न. पातळ रबरी हातमोजे इथून न्यावेत, की तिकडे सहज मिळतात?