मदत हवी आहे: सांगलीहून अंदमान, गळ-रॉड-रील विमानातून कशी न्यायची?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. जानेवारीत मी, बायको, काका (वय 68) आणि काकू अंदमानला चाललोय. बायका राधानगर बीचवर फिरणार आणि आम्ही दोघं मासे धरणार, अशी वाटणी झाली आहे. आमचा आजवरचा सगळा अनुभव हरिपूरच्या संगमावरचा. समुद्रात गळ कधी टाकलेला नाही. मिरजेहून रेल्वेने पुणे, पुढे विमानाने चेन्नई आणि तिथून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम).

माझ्या भीतीला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका विमानतळावर पाठीवरच्या सॅकमध्ये लुअरचा (गळ लावलेल्या खोट्या आमिषांचा) डबा राहिला होता. प्रत्येक लुअरला दोन-दोन तिकाटणी गळ. तपासणीवाल्याने डबा उघडला आणि शांतपणे म्हणाला, परत काउंटरला जाऊन सामानात टाका, नाहीतर इथेच ठेवा. बोर्डिंगला पंचवीस मिनिटं होती. डबा तिथेच राहिला. चूक माझीच, पण मरळीसाठी घेतलेला त्यातला रबरी बेडूक अजून डोळ्यासमोर येतो.

आता सामान असं: काकांचा दोन तुकड्यांचा 7 फुटी रॉड, माझा अखंड 8 फुटी, शिसं साधारण दीड किलो, पक्कड, सुरी, हेडलॅम्प. काकांनी आमिषासाठी शेंगपेंड आणि हिंगही काढून ठेवलंय. समुद्रातले मासे शेंगपेंड खातात की नाही हा वेगळाच विषय.

खरी अडचण रीलची. आजोबांची जुनी पितळी रील (रॉडला लावायची, दोर गुंडाळायची चकरी) आहे. काका म्हणतात, "रील माझ्या हातातच ऱ्हाणार, खालच्या डब्यात टाकणार न्हाई." ही केबिनमध्ये चालेल का?

गरवणारा:
आमच्याकडे मालवणात गळाला गरी म्हणतात. गरी कुठलीही असो, केबिनमध्ये नको. सगळ्या चेक-इनमध्ये टाका आणि टोकं झाकून टाका. थर्माकोलच्या तुकड्यात रुतवा किंवा वर तंगूसच्या (गळाच्या नायलॉन दोराच्या) रिकाम्या रिळाचं प्लास्टिक बसवा. बॅग उघडून हात घालणारा माणूसच असतो, त्याच्या बोटात गरी घुसली तर तुमचं विमान गेलंच समजा. सुरी, पक्कड, कात्री पण खालीच.

अजून एक. गाठ मारल्यावर तंगूसचं टोक जाळायला आपण लायटर ठेवतो ना, तो घरीच ठेवा. आपल्याकडे लायटर आणि काडेपेटी ना केबिनमध्ये चालते ना चेक-इनमध्ये. टोक कापायला नेलकटर पुरतं.

पाईपवाला:
रॉडसाठी बाजारातली महागडी ट्यूब घेऊ नका. सांगलीत द्राक्षबागेच्या कामातून 110 मिमी पीव्हीसी पाईपचा तुकडा कुणाकडेही उरलेला असतो. एक टोपण सोल्युशनने पक्कं चिकटवा. दुसरं अजिबात चिकटवू नका, नुसती टेप लावा, कारण तपासणीला उघडायला सांगितलं की तिथे हॅक्सॉ ब्लेड कुठून आणणार? आत रॉडच्या टोकाला जुनी चादर गुंडाळा, हलला नाही पाहिजे.

आता मापाचं बघा. चेक-इनला साधारण लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंमी धरतात. काकांच्या रॉडचा अर्धा तुकडा 107 सेंमी. पाईप 115 सेंमीचा कापला तर 115 अधिक 11 अधिक 11, म्हणजे 137. बसतो. तुमचा 8 फुटी अखंड म्हणजे नुसता रॉडच 244 सेंमी, तो गेला मापाबाहेर. विमान कंपनीला आधी फोन करून विचारा, घेतला तरी जास्तीचे पैसे लागतील आणि छोट्या विमानात घेतीलच असं नाही. माझं मत विचाराल तर तो घरी ठेवा.

टेलिस्कोप:
मी दीड फुटात मिटणारा रॉड सॅकमध्ये घालून दोनदा नेलाय, कुणी विचारलं नाही. उगाच घाबरवताय.

खाकी_जुनी:
दोनदा सोडलं म्हणजे तिसऱ्यांदा सोडतील असं नाही. मी काही वर्षं विमानतळावर तपासणीच्या कामात होतो म्हणून सांगतो. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी केबिनमध्ये जात नाही. रॉड त्याच जातीत धरला गेला तर वाद घालून उपयोग नसतो, शेवटचा शब्द समोरच्या कर्मचाऱ्याचाच.

रीलबद्दल. नुसती रील धारदार नाही, टोकदार नाही, त्यामुळे जाण्याची शक्यता बरी आहे. अडचण तिच्यावर गुंडाळलेल्या तंगूसची. दीडशे मीटर मजबूत दोर म्हटल्यावर एखाद्याला तो हातपाय बांधायचा दोर वाटू शकतो. काकांना तंगूस उतरवायला सांगा. रिकामी रील कापडात गुंडाळून ट्रेमध्ये वेगळी काढून ठेवा, कपड्यांत लपवू नका. एक्स-रेवर पितळेचा गोल गोळा बॅगेच्या मध्यात दिसला की बॅग उघडणारच. आणि वेळ हातात ठेवा. नाही म्हणाले तर परत काउंटरला जाऊन ती चेक-इनला देता आली पाहिजे. तुमच्या बेडकाचं तेच झालं ना, वस्तू गेली ती वेळ नव्हता म्हणून.

शिसंही असंच. क्ष-किरण त्यातून जात नाहीत, पडद्यावर काळा ठोकळा दिसतो. पारदर्शक डब्यात घालून बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. तसं दीड किलो शिसं सांगलीहून कशाला न्यायचं? चेक-इनला साधारण माणशी 15 किलो मिळतं, त्यातच कपडे, पाईप आणि हत्यारं. शिसं तिथे बोटवाल्याकडे असतंच.

हेडलॅम्पचे सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक मात्र उलट: चेक-इनमध्ये बंदी, हातातल्या बॅगेत न्यायचे. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

गरवणारा:
शेंगपेंड नको हो. तेलाची पेंड आपोआप तापून पेटू शकते, म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत ती आहे. सुक्या खोबऱ्याचंही तेच. आणि समुद्राचा मासा पेंडीला विचारणार नाही. तिकडे बांगड्याचा तुकडा नाहीतर माकूळ (स्क्विड) लावा.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर चेन्नईला सामान ताब्यात घेऊन परत द्यावं लागेल, परत वजन होणार. एकाच बुकिंगवर असेल तर बहुतेक थेट जातं, पुण्यात टॅगवर शेवटचं ठिकाण वाचून घ्या. आणि महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासे धरायचे नाहीत. बोटवाला बोलला तरी नाही म्हणा.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार सगळ्यांचे. तिकीट एकाच बुकिंगचं आहे, आत्ताच तपासलं. माझा 8 फुटी रॉड घरी राहतोय, काकांचाच दोघांत. पाईप शेजारच्या बागायतदाराकडून मिळाला, चहाच्या बदल्यात.

रीलचं सांगितलं तेव्हा काका गप्प झाले. मग म्हणाले, "तंगूस जुनाच हाय, काढतो." सध्या अंगणात खुर्ची टाकून तंगूस उलगडतायत आणि नातवाला त्याचं टोक धरून फाटकापर्यंत चालवतायत. हिंगाचं अजून बोललो नाही.

एक राहिलं. रीलवर नवा तंगूस भरायचा तो इथून चेक-इनमध्ये न्यावा की तिथे घ्यावा?

पाईपवाला:
इथूनच न्या, पाईपमध्येच मावतो. परत येताना रील गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच गुंडाळा. पितळ आहे, खारं पाणी राहिलं तर हिरवं पडेल.