सीओईपी 1911 चं नाही, 1854 चं

कुणीतरी सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, 1911 ला निघालं असं लिहिलंय. त्या साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' हे नाव मिळालं एवढंच. संस्था 1854 ची. तेव्हाच्या सरकारला इमारती, कालवे, पूल यांच्या कामांवर हाताखालचे शिकलेले लोक हवे होते, म्हणून सिव्हिल, म्हणजे बांधकामाची शाखा, हेच तिथलं थोरलं घर. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या इथेच शिकले. त्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासला धरणाला बसले: पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपसूक उघडायचे, उतरलं की मिटायचे. कॉम्प्युटर शाखा त्या मानाने कालची, पण प्रवेशाचा कटऑफ बघा, सिव्हिलवाल्यांना वाईट वाटावं! आणि हो, 2022 पासून सीओईपी स्वतःच विद्यापीठ आहे, त्यामुळे 'पुणे विद्यापीठाचं कॉलेज' म्हणणंही आता जुनं झालं.